उलटी फिरणारी पवनचक्की

हॅलो?… हो, मीच बोलतोय. कोण, वत्सल? सिन्नरहून का?… सावकाश बोल गं, खरखर फार आहे. आणि हा शेजाऱ्यांचा फोन, मला इथे ओरडता येत नाही.

काय?… विहिरीवरची पवनचक्की उतरवणार? उद्याच? अगं, आषाढात तर बसवली!… सासूबाई म्हणतात? का?… उलटी फिरते. हं… देवाला उलटी प्रदक्षिणा घातल्यासारखी. आणि म्हैस आटली, तीही तिच्यामुळेच… देवराम दाजी काय म्हणतात?… आईपुढे बोलत नाहीत. खरंय, मीही बोललो नसतो.

म्हणजे तू पुन्हा रहाट ओढणार? तुझ्या त्या गुडघ्यांनी?… रडू नकोस. ऐक ना… अगं, ऐक.

ती उलटी का फिरते असं तू पत्रात विचारलं होतंस ना, तेव्हाच मी वाचनालयात शोधलं. नाही, मी इंजिनिअर नाही, चुकतही असेन… पात्यांना ज्या बाजूचा पीळ, त्या बाजूला चाक फिरतं. वाऱ्याचं त्यात काही म्हणणं नसतं… तीच बाजू का? कारखान्यात कुणीतरी एकदा ठरवलं असावं, पुढचे तसंच करत गेले. याहून मोठं कारण मला सापडलं नाही.

पण तुमचं घर चक्कीच्या पूर्वेला ना?… आणि वारा सध्या पश्चिमेचा. चक्कीचं तोंड नेहमी वाऱ्याकडे, म्हणजे तुम्ही तिला पाठीमागून पाहता! समोरून ती सुलटीच दिसेल… नक्की म्हणजे… मी टेबलफॅनच्या मागे जाऊन पाहिलं. दोनदा.

छे, छे! पोथीत लिहिलंय असं खोटं नाही सांगता येणार मला. तूच समजाव त्यांना… त्या तिथेच आहेत? सोसायटीच्या ऑफिसात? नको, फोन नको देऊस, मला जमायचं नाही. वत्सल! अगं…

नमस्कार मावशी… हो, वत्सलाचा भाऊ… हो, तोच, लग्नात खांबामागे बसलेला.

मावशी, समजा बैलगाडी बाजाराला निघाली. तुम्ही रस्त्याच्या अलीकडे उभ्या, दाजी पलीकडे. तुम्हाला चाक सुलटं फिरताना दिसलं, तर त्यांना उलटं दिसणार… हो ना? गाडी तर एकच. आणि चाललीय बाजारालाच.

देवाला कुठल्या बाजूनं दिसतं?… ते मला नाही माहीत, मावशी… वारा जिकडून येतो तिकडे तो उभा असेल, तर सुलटीच दिसत असेल. हे आपलं माझं वाटणं.

काय म्हणालात?… तुमची बाज चक्कीच्या पलीकडे टाकायची? म्हणजे उतरवणार नाही?…

मावशी… एक सांगायलाच हवं. दिवाळीनंतर वारा पूर्वेचा होतो. मग चक्की तोंड फिरवते. तेव्हा पलीकडूनही उलटीच दिसेल…

हॅलो?… मावशी?… खरखर आहे, जरा मोठ्यानं बोला…

बाज पुन्हा अलीकडे आणायची? वारा फिरेल तशी?…

हो. हो मावशी, चालेल. चालेल ना!… हो, वत्सलाला सांगा. ठेवतो मी.