दोन मिलिमीटर जास्त

नाही, त्या स्टुलावर नका बसू, बाबा — कार्बनची पूड पडलीय, पँट काळी झाली तर आई मलाच ऐकवेल. खोक्यावर बसा. आणि हात मांडीवर ठेवा. हो, दोन्ही. कारण? आहे काहीतरी, राहू दे. उद्या ड्रोन-शर्यतीच्या संघाची शेवटची निवड आहे, घेतलं तर घेतलं, नाहीतर आपलं ठरलंच आहे — मी मुकाट्याने कॉलेजात परत. तुमचीच अट. तेव्हा आज इथे कशालाही हात लागायला नको.

पिशवीत काय आणलंय? बघू. जीपीएस! वा. दुकानदाराने गळ्यात मारला ना? काय म्हणाला, ड्रोन वाट चुकला की हा त्याला आपोआप घरी परत आणतो? आणतो की. फोटो काढणाऱ्यांच्या ड्रोनला आणतो. हा शर्यतीचा आहे, बाबा, एका कमानीतून घुसायचं, वळायचं, पुढच्या कमानीत घुसायचं — याला घरी परत यायचंच नसतं. थांबा, काट्यावर ठेवते. अकरा ग्रॅम. हसताय काय? मी वायरींची टोकं छाटली, बॅटरीचा पट्टा कातरला, वरचं टोपण घासघासून कागदाएवढं केलं, तेव्हा कुठे नऊ ग्रॅम वाचले — आणि तुम्ही प्रेमाने अकरा घेऊन आलात.

तुमचा तरी काय दोष! जन्मभर पूल बांधलेत. लागेल त्याच्या दुप्पट लोखंड, वर थोडं ‘असू दे’ म्हणून. आपल्या घरातली कपडे वाळत घालायची दांडी — हत्ती लोंबकळला तरी वाकायची नाही, आणि तिच्यावर वाळतात काय, तर तुमचे बनियन. माझ्याही बाबतीत तेच. एक पदवी असू दे, तिच्यावर आणखी एक असू दे, वेळेला उपयोगी पडेल. मी दुसऱ्या वर्षाला सोडलं तेव्हा तुमचं तोंड असं झालं, जणू मी पुलाचा मधला खांबच उपसून नेलाय.

हे बघा — नुसतं बघा — ही पातळ पाटी चारही मोटरींना किती वीज द्यायची ते ठरवते. इथे कंजुषी केली नाही, सगळ्यांत चांगली घेतली. मोटरी मात्र मधल्या. मोठ्या का नाही? मोठी मोटर म्हणजे मोठी बॅटरी, ती बॅटरी उचलायला आणखी मोठी मोटर — मग ते उडत नाही, बाबा, संसार करतं. आणि हे टोपण असं तिरकं का कापलंय? कारण वेगात हा नाक खाली घालून पळतो, तेव्हा हेच टोपण वाऱ्याला सरळ कापतं. जमिनीवर ठेवलाय तोवर बावळट दिसणारच. मीही दिसायचे, तुमच्या मित्रांसमोर उभं केलंत की —

हात! हात मागे घ्या! सैल नाहीये तो स्क्रू, आखूड आहे. आखूडच हवा! मागच्या वेळी असंच ‘आखूड वाटतात’ म्हणून तुम्ही रात्रभर — काही नाही. म्हटलं ना, काही नाही. ... बरं, ऐका मग. तेव्हा मोटर जळाली ती, मी तुम्हाला सांगितलं तसं, ‘कंपनीचा माल खराब’ म्हणून नाही. तुम्ही माझ्या मागे चारही मोटरींचे स्क्रू बदललेत, दोन मिलिमीटर लांब घातलेत. मजबुतीसाठी! त्यांची टोकं आत तारांच्या वेटोळ्यात घुसली. हळू उडवला तोवर ठीक होतं, शिट्टी वाजली, पूर्ण जोर दिला आणि जागच्या जागी धूर. सगळं मैदान हसलं. कोणी बसवले स्क्रू म्हणून विचारलं तर मी म्हटलं, मीच. तेव्हापासून तिथे मला ‘लांबस्क्रू’ म्हणतात. शेंबडी पोरंसुद्धा.

का म्हणजे? तोंडातून गेलं. सांगायचं काय होतं — माझ्या वडिलांनी, पूल बांधणाऱ्या इंजिनीअरांनी? आधी वाटलं, मुद्दाम केलंत, मी हरावं म्हणून. घरी पोचेपर्यंत तुम्हाला काय काय शिव्या घातल्या म्हणून सांगू! मग मोटर उघडली. एकेका स्क्रूच्या डोक्यावर आईच्या नेलपॉलिशचा ठिपका. गुलाबी. सैल होऊ नये म्हणून. काम बिघडवायला आलेला माणूस इतकं जपून ठिपके देत बसेल? मुद्दाम केलं असतंत तर बरं झालं असतं, बाबा. निदान धड भांडता आलं असतं.

आता तोंड पाडून बसू नका. मला जमत नाही ते. उठा, मला बॅटरी चार्जिंगला लावायचीय. उद्या नऊला पहिली फेरी — मैदानाच्या फलकावर लिहिलंय म्हणून सांगते, बोलवत नाहीये. आलातच तर जाळीच्या मागे उभे राहा. आणि हा जीपीएस इथे सोडून जाऊ नका. उद्या घेऊन या, दोन्ही हातांत धरून उभे राहा. घट्ट. म्हणजे हात तरी मोकळे राहणार नाहीत.