कावजीसाहेबाने नामाकडे बोट दाखवलं

...आणि वर लोक मलाच विचारतात, की रोहिदास, तू तेव्हा बोलला का नाहीस. अहो, मला विचारलं कुणी? साहेबाने बोट दाखवलं ते नामाकडे, मग मी मध्ये तोंड कशाला घालायचं... हे बायकोला सांगून झालं, देवाला सांगून झालं, आता तुम्हाला सांगतो. मी एक अक्षर खोटं बोललो नाही. नुसता गप्प बसलो.

सहासष्ट सालची, तशी अलीकडचीच गोष्ट. रबाळ्याला आमची शेतं होती तिथं औषधाच्या बाटल्यांचा कारखाना निघाला, आणि मशिनीबरोबर जर्मनीहून एक साहेब आला. नाव क्राउझे, पण ते कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून आम्ही त्याचा कावजीसाहेब केला. त्याने आम्हा आठ जणांना तपासणीला बसवलं. म्हणजे समोर पांढऱ्या उजेडाची काच, तिच्यापुढून पट्ट्यावर बाटल्या चालल्यात, आणि तडकलेली दिसली की उचलून बाजूला टाकायची. सोपं वाटतं ना? आम्हालाही वाटलं. पहिल्या दिवशी एकालाही एक तडा दिसला नाही, आणि साहेब आपला मागून हात घालून एक उचलतोय, दोन उचलतोय, दहा उचलतोय. मी एक बाटली अगदी नाकाला लावून बघितली, तरी ती नवी कोरीच. म्हटलं, सुलेमानभाई, माझे डोळे गेले. सुलेमानभाई म्हणजे आमचा फोरमन, उरणचा, साहेबाचं इंग्रजी आम्हाला मराठीत सांगायचा. तो म्हणाला, "साहेब बोलतो, डोळे चांगले हायत. डोळ्यांना बाटली दिसते, पण तिच्यात काय बघायचं ते डोक्याला म्हाईत नाय. महिनाभर बसा, डोकं शिकेल."

आणि शिकलं हो. एका सकाळी मानेजवळचा केसाएवढा तडा आपला आपण दिसायला लागला, शोधायलाच लागेना. घरी पाण्याचा ग्लास हातात घेतला तरी आधी तडा बघायचो, बायको वैतागली. आणि आमच्या आठात सगळ्यात लवकर शिकला कोण, तर तळवलीचा नामा. हुशार माणूस. त्याचं नाव काढलं की अजून मला घाम येतो...

तर झालं काय, एका दुपारी मी तेलाच्या टाकीमागे बिडी ओढत होतो. तिथं काडी पेटवायची नाही, हे आम्हाला पहिल्याच दिवशी बजावलेलं, कारण कारखाना उडाला असता. मला वाटलं, दोन झुरके मारतो आणि येतो. वळलो, तर समोर साहेब. इथून त्या खांबापर्यंतही नव्हता. त्याने माझं तोंड बघितलं, मी त्याचं बघितलं, आणि मी पळालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठही जण रांगेत. आठ खाकी सदरे, आठ टोप्या, आठ मिशा. मी मनात म्हटलं, संपलं, आता घरी जाऊन जाळं विणायचं. साहेब माझ्यासमोर आला, थांबला, पुढे गेला, परत आला... आणि शेजारच्या नामाकडे बोट दाखवलं. आता तुम्हीच सांगा, नामा लांब नाकाचा, उंच, काटकुळा, आणि मी हा असा, ह्यात सारखं काय आहे? आमच्याकडची शेंबडी पोरं पाठमोऱ्या माणसाला चालीवरून ओळखतात. पण साहेबाला येऊन दोन महिने झालेले, त्याला नुसता रंग दिसायचा आणि मिशी दिसायची. आम्हाला पहिल्या दिवशी नुसत्या बाटल्या दिसायच्या, तसंच.

नामा म्हणाला, "सायेब, मी बिडी वढत नाय." सुलेमानभाईने ते सांगितलं. साहेब म्हणाला, आपण स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय. नामाने एकदा रांगेकडे बघितलं. मी माझ्या चपलेकडे बघितलं. आणि नामा गेला, उद्यापासून येऊ नकोस म्हणाले. मी बोललो काय? काही नाही. नुसता गप्प बसलो.

पुढे मी तीनदा त्याच्या घरी गेलो, सांगूनच टाकायचं म्हणून. नामा खाडीवर गेलेला असायचा, घरी त्याची बायको गोजरा. ती म्हणायची, "बसा भावजी, खाडीतल्या निवट्यांचं कालवन क्येलंय, दोन घास खाऊन जावा." आणि मी खायचो हो. ज्याची नोकरी खाल्ली त्याच्याच घरचं कालवण खायचो, वर म्हणायचो, वयनी, झाक झालंय, आणि तोंड पुसून निघून यायचो.

इकडे साहेबाचं डोकं शिकत चाललेलं. गणपतीच्या आसपास तो आम्हाला नावाने हाका मारायला लागला, आणि अचूक. बाकीचे खूश, मला मात्र ताप भरायचा. कारण कधीकधी तो माझ्यासमोर उभा राहून नुसता बघत राहायचा, आणि त्या दिवशी माझ्या हातून तडकलेल्या बाटल्या सुटायच्या.

शिमग्यापर्यंत कसेबसे दिवस काढले. मग एक दिवस उठलो आणि सुलेमानभाईला म्हटलं, साहेबाला सांगा, बिडी माझी होती. सुलेमानभाई म्हणाला, "तुला समजतंय ना, मी काय सांगायचं ते?" मी म्हटलं, समजतंय. त्याने सांगितलं. साहेब खूप वेळ बोलला, खाली बघत बोलला. सुलेमानभाई म्हणाला, "साहेब बोलतो, त्याला गणपतीपासून म्हाईत हाय. तुमची तोंडं दिसायला लागली, तेव्हा टाकीमागचं तोंड कुणाचं ते पण दिसलं. पण आपण भलत्याच मानसाला काढलं, हे कुठल्या तोंडाने सांगायचं, म्हनून गप्प बसला."

म्हणजे मी गप्प, आणि तोही गप्प. मला राग आला, पण रागवायचं कुणावर?

त्याच दिवशी तिघं जीपमध्ये बसून तळवलीला गेलो. बांधावर चारपाच जण जाळं सुकवत होते. जीप थांबते न थांबते तोच साहेबाने उडी मारली, सरळ गेला, एकाचे दोन्ही हात हातात धरले, आणि डोळ्यांत पाणी आणून माफी मागायला लागला. आणि तो नामा नव्हताच. तो नामाचा चुलतभाऊ दादू. आमची सात तोंडं साहेब रोज बघून शिकला होता, नामाचं शिकणार कधी? त्याला तर साहेबानेच घालवलं होतं. दादू बिचारा घाबरून मान हलवत होता. नामा चार हातांवर उभा, माझ्याकडे बघतोय.

मी म्हटलं, "सायेब, ह्यो नाय. नामा त्यो. आनि बिडी माजी व्हती, नामा."

नामा म्हणाला, "म्हाईत हाय. रांगेत तुज्या सदऱ्याला वास येत व्हता."

"मंग तवाच का नाय बोललास?"

"तू बोलशील, म्हनून थांबलो व्हतो."

नऊ महिने थांबला होता हो... गोजराने दारातून हे सगळं ऐकलं, आत गेली आणि सगळ्यांना चहा घेऊन आली. मलाही दिला. पण बसा म्हणाली नाही.

नामा परत कामावर आला, आणि त्याला माझ्याच स्टुलावर बसवलं. मला काढलं नाही, साहेबाचा तेवढा धीर झाला नसावा. मागच्या अंगणात फुटक्या काचेच्या ढिगावर टाकलं, पांढरी वेगळी, तपकिरी वेगळी करत बस. नामा डब्याच्या सुट्टीत भेटतो, बोलतो, पाऊस, भरती-ओहोटी, सगळं बोलतो, तेवढं एक सोडून. आणि साहेब रोज सकाळी त्या ढिगावरून जाताना थांबतो, माझ्या तोंडाकडे नीट बघतो आणि म्हणतो, "गुड मॉर्निंग, रोहिदास." एक दिवस चुकत नाही. मला आपलं वाटतं, एखाद्या सकाळी त्याने मला दुसरंच कुणीतरी समजून पुढे जावं.