शुभेच्छुकांचं जॅकेट

इंजिनीअरिंग सोडून शिवणकामाच्या नादाला लागल्यापासून बाबा माझ्याशी थेट बोलत नव्हते. मी समोर बसलेलो असायचो आणि ते आईला सांगायचे, "त्याला म्हणावं, पंखा बंद कर." बापमाणूस, पण रुसवा बालवाडीतला.

तर एका प्रदर्शनात मी सिमेंटच्या गोण्यांचा कोट पाहिला आणि डोकंच फिरलं. म्हटलं, आमच्या घाटकोपरात गोण्यांपेक्षा फ्लेक्स जास्त. सोसायटीचे चेअरमन सावंतकाका, ज्यांना गळकी टाकी दुरुस्त करता येत नाही, त्यांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स गेटवर लोंबतच होता. मधे गॉगलवाले काका, खाली सोसायटीतल्याच चाळीस शुभेच्छुकांचे चेहरे. उतरवला, तीन सुया मोडल्या, पण जॅकेट झकास झालं.

घालून खाली गेलो, तर काका तापले. "अरे, माझ्या नाकावरून चेन नेलीस?"

"काका, नाक मोठं होतं, दुसरीकडून जागाच नव्हती."

ओरडायला जमलेली मंडळी दोन मिनिटांत मला गोल फिरवून आपापला चेहरा शोधायला लागली. तेवढ्यात बाबा आले. पाठ बघितली, बाह्या बघितल्या.

"मी कुठंय?"

आठ महिन्यांनी थेट मला विचारलं होतं.

"बगलेत आलात, बाबा. शिवण तिथेच बसली."

"काढ ते."

वाटलं, आता फाडणार. काढून दिलं. बाबांनी ते स्वतः चढवलं, रिक्षा थांबवतात तसा हात वर केला आणि म्हणाले, "हां, दिसतोय ना? आता फोटो काढ."