मालकाले विचारा

(सावंगी रस्त्यावरचं चंद्रभान मिस्त्रीचं गॅरेज, सकाळची वेळ. एक जुनी लाल, दोन सीटांची स्पोर्ट्स कार बोनेट उघडं टाकून उभी. तिचं इंजिन खाली पोत्यावर, बाजूला दुसरं एक इंजिन साखळीला टांगलेलं. भाजी पिकवणारे शेतकरी बंडूजी आणि त्यांची बायको मंदाबाई.)

मंदाबाई : मंग हे पोत्यावर काय आहे? मले दिसत नाई का? इंजिन काढून जमिनीवर ठेवलं, अन् हा म्हणते, काकू चहा घ्या. मले नाई लागत तुहा चहा.

चंद्रभान : काकू, तुमी बसा तं आधी. काकाजी, सांगा ना काकूले.

बंडूजी : मी काय सांगू. मी बी आताच पाहून राह्यलो.

मंदाबाई : पाहा, कसे साळसूद बोलते. सोमवारपासून घरात माह्याशी शब्द नाई बोलले. जेवले की वांग्याच्या वावरात. मले वाटे, काय बिनसलं असन. अन् इथं परस्पर इंजिन बदलाचा घाट घातला. टांगलं आहे ते कायचं रे, चंद्रभान?

चंद्रभान : टेम्पोचं आहे काकू. पण एकदम फिट बसते.

मंदाबाई : टेम्पोचं. ऐकलं का जी? आपली गाडी रस्त्यानं गेली तं इथले डॉक्टरकीचे पोट्टे थांबून फोटो काढते, अन् तिच्यात भाजीच्या टेम्पोचं इंजिन. भाजीच वाहाची व्हती तं टेम्पोच घ्याचा व्हता.

चंद्रभान : काकू, माहं बी ऐकसान का थोडं? हे पोत्यावरचं इंजिन फॉरेनचं. पार्टच भेटत नाई. नागपूर झालं, दिल्ली झाली, सगयीकडं फोन लावले. पिस्टन भेटला तं रिंग नाई, रिंग भेटली तं साइज नाई. हे टेम्पोचं टाकलं तं कुठंबी बंद पडू द्या, अल्लीपूरसारख्या खेड्यातला मिस्त्री बी चालू करून देईन. काई टेंशनच नाई. अन् मी तं म्हणतो, मागचा पत्रा कापून बसाले एक लाकडी पाटी बी लावून देतो. अजून दोघंजण आरामात बसतीन.

बंडूजी : चंद्रभान, पाटीचं नाव काढू नको.

चंद्रभान : फ्री मधे करून देतो ना, काकाजी.

बंडूजी : म्हणलं ना, काढू नको.

मंदाबाई : काढू दे ना त्याले. त्याले काय माहीत. ऐक रे. मी लगन होऊन आली तवा घरी जीप व्हती. पयल्या चतुर्थीले केळझरच्या गणपतीले निघालो, नवीन नवरा-बायको. जीपीत सासूबाई, दोघी नणंदा, त्यायचे लेकरं, शेजारची शोभाबाई, अन् तिची बहीण आल्ती ते बी. हे समोर, मी सगळ्यायच्या मागं, मांडीवर दुसऱ्याचं पोट्टं. केळझर येईपर्यंत मले यायची मान तेवढी दिसली. मंग जाऊ तिथं तसंच. लगनाले जाऊ, दवाखान्यात जाऊ, जीप भरूनच जाये. हे तोंडातून एक शब्द काढत नसे.

बंडूजी : काय काढू. माय व्हती.

मंदाबाई : अन् मंग एक दिवस हे लाल गाडी घेऊनच आले. सावंगीचा डॉक्टर फॉरेनले चालला व्हता, त्याची. घरात शिमगा झाला. सासूबाई म्हणे, बंड्या, हिच्यात मी कुठं बसू? तं हे म्हणते कसे, माय, कंपनीनं जागाच ठेवली नाई. त्या दिवशी पयल्यांदा आमी दोघंच केळझरले गेलो. दर्शन घेतलं, गाडीत बसून फुटाणे खाल्ले अन् वापस आलो. बस, तेवढंच. पण मले विचार, त्या फुटाण्याची चव अजून आहे माह्या तोंडात. अन् तू त्या गाडीले मागून पाटी लावतो म्हणते.

चंद्रभान : नाई लावत, काकू. गलती झाली. पण इंजिनचं बोला. भंगारवाला येऊन राह्यला, हे जुनं त्याले द्याचं ठरलं आहे.

मंदाबाई : ठरलं? कोणी ठरवलं? सांगा जी आता. मले एका शब्दानं विचारलं का तुमी?

बंडूजी : तुले विचाराचं? तूनंच तं हो म्हणलं.

मंदाबाई : मीनं?

बंडूजी : मंग. चंद्रभाननं फोन करून सांगतलं मले, होकार भेटला, इंजिन काढून राह्यलो. मले लय वाईट वाटलं. म्हणलं, इतकं जीव लावलेलं इंजिन, हिनं मले न विचारता टेम्पोचं टाक म्हणलं. म्हणूनच तं बोललो नाई सोमवारपासून.

मंदाबाई : चंद्रभान, खरं बोलजो. मी तुले कधी हो म्हणलं?

चंद्रभान : थांबा, थांबा. माहं डोकं खाऊ नका दोघंबी. काकाजी गाडी ठेवून गेले तवा म्हणले, मालकाले विचारल्याशिवाय हात लावू नको. बराबर? मंग मी घरी फोन लावला. काकूनं उचलला. मी म्हणलं, काकू, इंजिन बदलाचं आहे, मालक काय म्हणते? तं तुमी म्हणल्या, मालकाच्या मनात आहे तं बदल बाप्पा, मले काय विचारतं.

मंदाबाई : हो, म्हणलं. रागानं म्हणलं. मले वाटलं, यायचं तुह्याशी ठरूनच गेलं आहे.

बंडूजी : अबे चंद्रभान, मालक म्हणजे हे तुही काकू. गाडी कोणाच्या नावानं आहे?

चंद्रभान : आता मले काय माहीत, मालक म्हणजे काकू? अख्ख्या वर्धा जिल्ह्यात बाई मालक म्हणते तवा नवऱ्यालेच म्हणते. मी दुसरं काय समजू?

मंदाबाई : माह्या नावानं आहे गाडी?

बंडूजी : आरटीओत सही नाई केलती तूनं?

मंदाबाई : तुमी म्हणले इथं कर, मी केली. तुमी हजार ठिकाणी म्हणता, इथं कर. कोणी सांगतलं मले की मी मालक झाली?

बंडूजी : मले वाटे, तुले माहीत असन.

मंदाबाई : कसं माहीत असन? इतके वर्षं दारात कोणीबी आला, बियाणंवाला आला, लाइनवाला आला, तं मी म्हणतो, मालकाले विचारा. माह्याच गाडीचं बी मीनं तुमालेच विचारा म्हणलं. अन् तुमी मजेत वावरात रुसून बसले.

बंडूजी : चुकलं. आता झालं ते झालं. चंद्रभान, ते साखळीचं उतरव. जुनंच बसव पुन्हा.

चंद्रभान : काकाजी, जुनं चालत नाई, सांगून राह्यलो ना.

बंडूजी : नाई चालली तं नाई. गोठ्यात उभी राहीन. डोयानं दिसली तरी पुरे मले.

मंदाबाई : पुन्हा ठरवलं यायनं. आताच म्हणले मालक मी आहो, अन् लगेच उतरव अन् बसव. गोठ्यात उभी करून मी काय तिले हळदीकुंकू लावू? तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तवापासून गाडी स्वतःहून हालली नाई, इथं बी ओढूनच आणली. क्लच दाबता येत नाई तुमाले, अन् इंजिनावर जीव. मले केळझरले जाचं आहे. चंद्रभान, टेम्पोच्या इंजिनचं क्लच हलकं राह्यते का?

चंद्रभान : एकदम मक्खन, काकू. पण आवाज जुन्यासारखा दणक्याचा नाई येणार, आधीच सांगतो.

मंदाबाई : नसू दे. बोलणं तं ऐकू येईन. हेच टाक. अन् पोत्यावरचं भंगारात गेलं तं माह्यासारखी वाईट नाई. ते यायच्यासाठी घरी घेऊन जाऊ. पाहात बसतीन.

चंद्रभान : पक्कं ना? नाई तं पुन्हा म्हणसान, मालकाले विचारलं नाई.

मंदाबाई : मालकच बोलून राह्यली. सही कुठं लागन ते सांग. अन् झाली की फोन कर, मीच चालवत नेईन.

बंडूजी : तू?

मंदाबाई : तुमचं ऑपरेशन झाल्यापासून ट्रॅक्टर कोण चालवून राह्यलं?

बंडूजी : ते खरं. पण मंग हिच्यात मी कुठं बसू?

मंदाबाई : डाव्या सीटवर. चांगली आहे ते. मी बसली आहो तिच्यावर.