छापलंय म्हणून खरं?

मंडळी, कीर्तनाच्या आधी एक सांगा — वाचता येणं म्हणजे काय हो? अक्षराला अक्षर जोडलं की झालं? माना डोलवू नका — पखवाजवाले, तुम्हीसुद्धा! आधी ऐका.

हिवऱ्याचं हायस्कूल, नववीचा वर्ग, मराठीला मोहिते बाई. आपल्याकडे मराठीचा तास कसा? गाइड उघडा, उत्तर उतरवा, घोका — झालं शिक्षण! या बाईंनी गाइडं ठेवली कपाटात आणि फळ्यावर लिहिलं — कोण सांगतो? कशावरून? त्यात त्याचा फायदा काय? म्हणाल्या, "काहीही वाचा, हे विचारा. मी लिहिलेलं असलं तरी!"

त्या वर्गात होती अनसूया. तिच्या आईला साखरेचा आजार, रोज इंजेक्शन. एके दिवशी वडील, रंभाजी, बाजारातून चूर्णाची पुडी आणि तिच्या जाहिरातीचा कागद घेऊन आले. वर देवाचा फोटो! आधी कपाळाला लावला, मग वाचला — "'तुमच्याच गावातील गृहस्थ पूर्ण बरे!' बघ, छापलंय! आजपासून सुई बंद!"

अहो, सुई बंद म्हणजे आईच्या जिवाशी खेळ! पोरगी घाबरली, पण बोलली — "आबा, कोण गृहस्थ?"

"बापाला उलट बोलतेस?"

रंभाजी पोरीला घेऊन तडक शाळेत! "बाई, पोरींना वाचायला शिकवा, उलटतपासणी नको!"

बाई चिडल्या? छे! शांतपणे म्हणाल्या, "आबा, गावातले सगळे तुमच्या ओळखीचे ना?"

"म्हंजे काय! कुणाला शिंक आली तरी मला कळतंय!"

"मग या गृहस्थांचं नाव सांगा."

रंभाजी आठवतोय — वरची आळी, खालची आळी, माळवाडी... नाव काही निघेना! "आयला, साखर गेली असती तर त्यानं गावभर पेढे वाटले असते की!" आणि मंडळी, तो रांगडा गडी मटकन बाकावर बसला. "पोरी, तुझ्या आईला मी घालवलीच असती गं!" डोळ्यांत पाणी. त्या संध्याकाळी इंजेक्शन त्यानंच आणून दिलं.

हसलात ना रंभाजीला? आता खिशात हात घाला! मघाशी मंडपाच्या दाराशी कुणीतरी कागद वाटले — वर देवाचा फोटो होता, तुम्ही न वाचताच कपाळाला लावून घडी घातलीत! काढा तो, वाचा, विचारा. मग मलाही विचारा — बुवा, कशावरून? प्रश्नाला देव रागावत नाही. बुवा रागावला, तर समजा — त्याच्याकडे उत्तर नाही!