केसांच्या गोळ्या चोरीस गेल्याबाबत

मी, गल्लीत शिलाईताई म्हणून ओळखली जाणारी, वय ४४ वर्षे, धंदा शिवणकाम, राहणार पाण्याच्या टाकीमागे, तळमजला, पोलीस ठाण्यात समक्ष येऊन सांगते की, मी वरील पत्त्यावर पती व मुलीसह राहते. पुढच्या खोलीत माझे मशीन आहे.

मागील वर्षी मला मोठा ताप येऊन गेला. त्यानंतर केस मूठमूठ गळू लागले. माप घेताना ते गिऱ्हाइकाच्या कापडावर पडत, म्हणून मी डोक्याला रुमाल बांधू लागले. पार्लरवालीच्या सांगण्यावरून मी झिंक व सेलेनियमच्या गोळ्या सुरू केल्या. गुण येईना म्हणून औषधाच्या दुकानातून अँटिऑक्सिडंटच्या कॅप्सूल आणल्या. मुलीने मोबाइलवरून 'केसांसाठी खास' अशी आणखी एक बाटली मागवली. मी तिन्ही रोज घेत होते. केस आणखीच गळले, नखे तुटू लागली. पती म्हणाले, "तुझ्या तोंडाला लसणाचा वास येतोय." घरात लसूण आणलेलाच नव्हता. तेव्हापासून मी त्यांच्याशी लांबूनच बोलत असे.

काल दुपारी मी शिवलेले कपडे पोचवून परत आले. कुलूप जसेच्या तसे होते, पण कपाटातील तिन्ही बाटल्या नव्हत्या. त्यांच्या शेजारीच ठेवलेल्या सोन्याच्या बांगड्यांना कोणी हात लावला नव्हता. समोरच्या इस्त्रीवाल्याने एक बाई बाहेर पडताना पाहिली होती. त्यावरून मी तक्रार दिली.

आज सकाळी माझी नणंद, काम शाळेच्या बसमध्ये मदतनीस, दारात आली. सासूबाईंच्या आजारपणापासून आमचे बोलणे बंद आहे. त्या वेळची घराची चावी तिच्याकडे राहिली होती. तिने तिन्ही बाटल्या मशीनवर ठेवल्या.

"वहिनी, चोर मीच. तुझी लेक मला सगळं सांगते. या बाटल्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना दाखवून आणल्या. तिन्हींत सेलेनियम आहे. ते जास्त झालं की उलट केसच गळतात, तोंडाचा वासही त्याचाच. आता सगळं बंद, आधी रक्त तपासायचं."

मी म्हणाले, "मग मागायच्या होत्यास सरळ!"

ती म्हणाली, "मागायला बोलावं लागलं असतं ना. परवा बाजारात तुझा रुमाल सुटला, तेव्हा मी मागेच उभी होते."

मग मी चहा टाकला.

आम्ही दोघी दवाखान्यात जाऊन आलो. रक्त दिले आहे. लोह कमी निघाले तर तेवढेच देणार, केस येतील पण सावकाश, असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मला घाई नाही.

माझी कोणाविरुद्ध तक्रार राहिलेली नाही. कालच्या कागदावर मी 'अनोळखी बाई' असे लिहून दिले होते. ते खोडून 'माझी नणंद' असे लिहावे.

हा जबाब आम्हा दोघींना मोठ्याने वाचून दाखवला. मी बोलले तसाच उतरला आहे, म्हणून खाली सही करते.