बॉल तिकडं, भ्या इकडं

...न्हाय पण मी काय म्हणतो, बॉल तिकडल्या गोलात असताना इकडल्या गोलकीपरनं भ्यायचं कारण काय? सांगा की! कोल्हापूरच्या शिवाजी पेठेचा गोलकीपर मी, त्यात नाव धैर्यशील! बॉल अंगावर आला की भ्या पळतंय, लांब गेला की पोटात गोळा! बरं, मैदानातच असतं तर चाललं असतं हो... घरात बी तेच! बायकोनं, अनुजानं, फोन उचलला न्हाय? संपलं, अपघात झाला असणार! गॅस बंद केलाय, हात लावून बघितलाय, तरी जिन्यावरनं परत वर! छातीत धडधड, झोपेचा पत्ता न्हाय... बॉल तिकडं, भ्या इकडं!

छातीची पट्टी, ती ईसीजी, काढली. डॉक्टर म्हणाला, "हार्ट घोड्यासारखं हाय!" झालं! हार्टात न्हाय म्हंजे मेंदूत असणार! टीममधली पोरं म्हणाली, "अशक्तपणा हाय तुला धैर्या, चल दूध कट्ट्यावर!" म्हशीखाली ग्लास धरून धारोष्ण दूध पाजलं, ग्लासावर ग्लास... आन् मी म्हशीच्या पायाकडं बघतोय, आत्ता लाथ मारती का मग? भ्या ऱ्हायलं बाजूला, पोट बिघडलं.

पण त्या दिवशी हसू आलं न्हाय बघा. आमची क्रांती, दुसरीतली पोरगी, शाळंला जाईना. दाराला धरून रडाय लागली, "बाबा, मी गेल्यावर तुम्हाला कायतरी झालं तर?" ...माझंच बोलणं की हे! माझं भ्या पोरीनं उचललं.

अनुजानं हाताला धरून तासाभरावरल्या मलकापूरला नेलं. मलकापूर का? पेठेत कळाय नगं म्हणून! मनाच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "तुम्ही भित्रे नाही, आजारी आहात. चिंतेचा आजार आहे हा, बरा होतो. गोळ्या देते, दर आठवड्याला इथं येऊन बोलायचं. आणि ज्याला कळेल अशा कुणाजवळ तरी मन मोकळं करत जा."

बाहेर आलो, तर बाकावर मफलर गुंडाळून कोण? ऋतुराज! मंगळवार पेठेचा सेंटर फॉरवर्ड! आमचा वैरी! मफलर खाली करून म्हणतोय कसा, "गोल मारला की मला दरदरून घाम फुटतोय गड्या... आता पुढं काय वाईट हुणार म्हणून!" अरं, ते गोल माझ्यावरच मारलेलं की!

आता दर आठवड्याला मलकापूरच्या स्टँडवर आमी दोघं चहा पितो, एकमेकाला भ्या सांगतो. क्रांती शाळंला जाती. मी गॅस एकदाच बघतो... बरं, दोनदा. बॉल तिकडं असला की आता जरा श्वास घेतो. पण एक भ्या काय जाईना. शेवटी बाईंना इचारलं, "मंगळवारातल्याबरोबर चहा पितोय हे आमच्या पेठेत कळलं तर?"

बाई मूळच्या कोल्हापूरच्याच. पेन खाली ठेवलं आन् म्हणाल्या, "ही भीती मात्र खरी आहे हो. हिच्यावर गोळी नाही."